करडं बटण

भानुदास मगरेला क्रेनवरून उतरवायच्या कागदावर सही केली ती हेमलता सोनुनेनं. कुणी तिच्या डोक्यावर बसून ती करून घेतली नव्हती. दुपारची वेळ होती, टेबलावर चहा निवत चालला होता आणि समोर सतरा कागदांची चळत होती. प्रत्येक कागदावर एक नाव, एक आकडा आणि खाली सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीची चौकट. भानुदासचा कागद नववा होता. नाव वाचून तिचा हात थांबला, एवढं खरं. थोडा वेळ थांबला आणि मग तिनं सही केली.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पोलाद कारखान्यात ती अकरा वर्षं सुरक्षा अधिकारी होती. भंगार वितळवायचं, त्याच्या कांड्या पाडायच्या आणि कांड्यांच्या सळया ओढायच्या, हा तिथला धंदा. २०३७ साल उजाडलं तरी भट्टीतला रस वाहून नेणारी क्रेन माणसानंच चालवायची, असा नियम कायम होता. बारा टन पातळ लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाकीएवढ्या जाड भांड्यात, खाली काम करणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. ते निव्वळ यंत्राच्या हवाली करायची हिंमत अजून कुठल्याही सरकारला झाली नव्हती.

हेमलता नोकरीला लागली तेव्हा या कारखान्यात दर वर्षाला एखादा तरी माणूस भाजून मरत असे. तिनं पहिल्याच महिन्यात एक वही ठेवली. अपघात होता होता टळला, की त्यात लिहायचं. साखळी निसटली पण कुणाला लागली नाही, पाय घसरला पण सावरला, असलं काहीही. कामगार तिला टळलं-वही म्हणू लागले. सुरुवातीला कुणी लिहीना. तेव्हा कँटीनमध्ये स्टुलावर उभी राहून ती म्हणाली होती, "लिहिणाऱ्याचं नाव माझ्याजवळ राहील. त्यावरून कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. हा माझा शब्द."

पहिली ओळ भानुदासनं लिहिली. 'लॅडल नेताना डोळा लागला. एक सेकंद. काही झालं नाही, पण झालं असतं.' त्या एका ओळीवर हेमलता तीन महिने वरच्या लोकांशी भांडली आणि क्रेनवाल्यांना दर दोन तासांनी बदली माणूस मिळवून दिला. मग वही भरू लागली. अकरा वर्षांत अशा सात वह्या भरल्या. शेवटच्या आठ वर्षांत कारखान्यात एकही माणूस मेला नाही.

अशात टोपी आली.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. पण ते डोक्यावर घालायचं असल्यामुळे कारखान्यात सगळे त्याला टोपीच म्हणत. "आज कुणाकुणाला टोपी घातली?" असा विनोदही लगेच सुरू झाला. टोपीबरोबर पुण्याहून डॉ. अन्वय केतकर आले. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणं गोड, मानसशास्त्रातली डॉक्टरेट. कँटीनमध्ये एकसष्ट माणसांसमोर त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं.

"माणसं एकसारखी नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे," ते म्हणाले. "कुणाचा हात चपळ असतो, कुणाचं लक्ष चटकन उडतं. मुलाखतीत हे कळत नाही. मुलाखतीत गोड बोलणारा पास होतो. म्हणून आम्ही मोजतो. समोर बाण दिसेल. डावा असला तर डावं बटण, उजवा असला तर उजवं. चाळीस मिनिटांत बाराशे बाण. वेग असा ठेवलाय की प्रत्येकजण चुकणारच. आणि चुकलं असं वाटलं, की हे मधलं करडं बटण दाबायचं. तेवढ्या वेळात टोपी तुमच्या मेंदूतल्या लहरी वाचते, डोळ्यांची बाहुली मोजते, हाताला लागलेला वेळ मोजते. शेवटी शंभरपैकी एक आकडा येतो. त्याला भरवसा-अंक म्हणतात. पन्नासच्या खाली आला, तर त्या माणसाला धोक्याच्या कामावर ठेवू नये."

कामगार चुळबुळ करू लागले. प्लांट हेड सरनाईक हेमलताकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी बसा. म्हणजे यांची भीती जाईल."

ती बसली. एकसष्ट माणसं तिच्याकडे बघत होती. बाण पळू लागले आणि तिची बोटं गोंधळली. दर मिनिटाला एखादी चूक होत होती, तिची तिला कळत होती. पण करडं बटण दाबलं की ते समोरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. सुरक्षा अधिकारी बाई स्वतःच चुकली चुकली म्हणून बटण दाबत बसली, असं दृश्य तिला नको होतं. तिनं करडं बटण दोनचार वेळा दाबलं, उरलेल्या वेळी सोडून दिलं.

तिला अठ्ठ्याऐंशी मिळाले. टाळ्या वाजल्या. मग एकेकजण बसला. आठ दिवसांनी निकाल आला. सतराजण पन्नासच्या खाली होते. भानुदासला एकतीस.

"बावीस वर्षं त्याच्या हातून एक अपघात नाही," हेमलता केतकरांना म्हणाली होती.

"आजवर झाला नाही, म्हणूनच तर मोजायचं," केतकर शांतपणे म्हणाले होते. "तुमची चांगली ओळख आहे त्यांच्याशी. ओळखीनं नजर बिघडते. यंत्राला ओळख नसते."

हे तिला पटलं. नंतर तिला स्वतःचा सर्वात जास्त राग आला तो या पटण्याचा.

भानुदासला भंगाराच्या ढिगावर लोहचुंबक फिरवायला पाठवलं. पगार अर्ध्यावर आला. दहाजणांना तर काढूनच टाकलं. तो आकडा कामगार-ओळखपत्रात चढत असे आणि पत्र नुसतं दाखवलं तरी कुठल्याही फाटकावर उमटत असे. भानुदासनं शेजारच्या दोन कारखान्यांत विचारून पाहिलं. दोन्हीकडे फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पत्र पडद्यावर धरलं, आकडा पाहिला आणि परत दिलं. आत कुणाला विचारायचीही गरज त्याला वाटली नाही.

चार महिन्यांनी हेमलता चंदनझिऱ्याला त्याच्या घरी गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. भानुदास घरी नव्हता. त्याची बायको गयाबाई दारात गहू निवडत बसली होती. तिनं ओळखलं, पण उठली नाही. बसा म्हणाली नाही.

"कसे आहेत मगरे?" हेमलतानं विचारलं.

"एकतीस हायेत," गयाबाई म्हणाली. "तुमीच लिवलंय ना?"

"बाई, मी नाही लिहिलं. यंत्रानं..."

"यंत्राला सही येती का?" गयाबाईनं सूप खाली ठेवलं. "लेकीची सोयरीक जुळली होती. पोराच्या बापानं आकडा बघितला. म्हनला, एकतीस म्हंजी काय? मानूस दारू पितो का? येडबीड लागलंय का? काय सांगू मी त्यास्नी? बावीस साल हा मानूस दिवाळीलाबी प्याला नाई, कामून तर दुसऱ्या दिवशी क्रेनवर जायचंय. तुमच्या त्या वहीत लिवून लिवून बोटं झिजवली त्यानं. घरी येऊन म्हनायचा, ताईनं शब्द दिलाय. तुमचा शब्द काय भावानं विकला, सांगा मला."

हेमलता तशीच मागं फिरली. पण वाटेत रिक्षात गयाबाईचं एक वाक्य डोक्यात घणासारखं वाजत राहिलं. लिवून लिवून.

घरी न जाता ती परत कारखान्यात गेली. कपाटातून सातही वह्या काढल्या, सतरा नावांची यादी शेजारी ठेवली आणि एकेक नाव शोधायला बसली. सतरापैकी सोळा नावं वहीत होती. एखाददुसरी ओळ लिहिलेली नव्हे. सगळ्यांत जास्त लिहिणारे सोळाजण. आणि ज्यांना ऐंशी-नव्वद मिळाले होते, त्यांतल्या बहुतेकांनी अकरा वर्षांत वहीला हातही लावला नव्हता.

केतकर महिन्यातून एकदा येत, ते दोन दिवसांनी आले. ती त्यांच्या खोलीत गेली आणि यादी टेबलावर आपटली.

"सतरापैकी सोळाजण माझ्या वहीत आहेत."

"असणारच," केतकर म्हणाले. त्यांचा चेहरा उलट उजळला. "मोजमाप बरोबर आलंय, याचाच हा पुरावा. यंत्राला शिकवताना आम्ही नऊ कारखान्यांची माहिती दिली होती. कोण धोक्याचा निघाला, कोण नाही, एवढं सांगायचं असतं. लहरींमध्ये काय बघायचं ते यंत्र आपलं आपण शोधतं."

"कोण धोक्याचा निघाला, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"घटनांच्या नोंदींवरून. तुमच्या कारखान्याच्या नोंदी तर फारच चांगल्या होत्या. सरनाईक साहेबांनी सातही वह्यांची छायाचित्रं दिली होती."

हेमलता खुर्चीवर बसली. "माझ्या कपाटातल्या वह्या."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"खरे अपघात का नाही घेतलेत? कुणाच्या हातून माणूस जखमी झाला, मेला, ते?"

"मॅडम, खरे अपघात फार थोडे होतात. नऊ कारखान्यांत पाच वर्षांत अकरा. अकरा उदाहरणांवरून यंत्र काय शिकणार? टळलेल्या घटना चार हजार होत्या. त्या घेतल्या."

"त्या चार हजार तुम्हाला कशा कळल्या?"

"लिहिलेल्या होत्या ना."

"लिहिलेल्या होत्या म्हणून कळल्या!" ती ओरडली. बाहेरचा शिपाई दारात येऊन गेला. "ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्या कुठं आहेत? त्यांच्या हातून काहीच टळलं नाही, असं धरून चाललात? धोक्याचा माणूस कसा असतो, हे तुमच्या टोपीला कुणी शिकवलंच नाही. कबूल करणारा माणूस कसा असतो ते शिकवलंत आणि त्यालाच धोक्याचा म्हणायला सांगितलंत."

केतकरांनी पडदा उघडला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला इतक्या साध्या शब्दांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"हे बघा," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "चूक झाली की एक दशांश सेकंदाच्या आत मेंदूच्या पुढच्या भागात एक लहर उठते. ती सगळ्यांमध्येच उठते. चूक झाल्याचं शरीराला आधी कळतं, आपल्याला नंतर. पुढं माणसं वेगळी होतात. काहींचा हात पुढच्या बाणाला उशीर लावतो. काहींचा लावत नाही. उशीर लावणाऱ्यांची नावं नोंदींमध्ये जास्त सापडली. म्हणून यंत्रानं त्याला अडखळणं धरलं आणि गुण कापले."

"ते अडखळणं नाही. चुकल्यावर माणूस थांबतो. मग थांबायला नको का?"

केतकरांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"माझं दाखवा."

त्यांनी दाखवलं. "एकेचाळीस चुका. एकेचाळीस वेळा लहर उठली आहे. करडं बटण चार वेळा."

"भानुदासचं?"

"अडतीस चुका. करडं बटण..." केतकरांनी पुन्हा मोजलं. "एकोणचाळीस. एकदा चूक झालेली नसतानाही दाबलंय."

खोलीत पंखा फिरत होता. हेमलता पडद्याकडे बघत राहिली. तिचं खोटं तिथं रेघारेघांनी काढलेलं होतं. प्रत्येक खोट्याखाली एक लहर, आणि त्या सगळ्याची बेरीज अठ्ठ्याऐंशी.

"ही मर्यादा आम्ही अहवालात नोंदवलेली आहे," केतकर म्हणाले.

"कितव्या पानावर?"

"त्र्याण्णव."

ती तिथून सरळ सरनाईकांच्या खोलीत गेली. सरनाईकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग ड्रॉवरमधून आठवी टळलं-वही काढली. टोपीनंतर सुरू केलेली. त्यांनी ती तिच्यासमोर उघडून धरली.

"एक ओळ दिसते? चार महिने झाले. पूर्वी महिन्याला चाळीस नोंदी असायच्या. विमा कंपनीनं अभिनंदनाचं पत्र पाठवलंय. आणि तुम्ही मला सांगताय, यंत्र चुकतंय?"

"साहेब, वही कोरी आहे कारण लिहिणारे गेले."

"वही कोरी आहे कारण लिहिण्यासारखं काही होत नाही. मॅडम, तुम्ही सही केलीय त्या सतरा कागदांवर. आज तुम्ही उलटं बोललात तर चुकलं कोण?"

"मी चुकले," हेमलता म्हणाली. "आणि माझ्या वह्या चोरून दिल्यात तुम्ही."

"कारखान्याच्या वह्या," सरनाईक म्हणाले आणि फोन उचलला.

त्याच पाळीत ती भट्टीच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. क्रेनवर किरण ढवळे होता. सत्तावीस वर्षांचा, चौऱ्याण्णव गुणांचा, भानुदासच्या जागी आलेला. ती बघत राहिली. भरलेली लॅडल पुढं आली, थांबली आणि थांबल्यावर हातभर खाली आली. मग धरली गेली. खाली साच्यांपाशी उभे असलेले चौघे एका सुरात मागं सरकले. त्या सरकण्यात सवय होती.

बदलीच्या वेळी किरण खाली उतरला, तशी तिनं त्याला गाठलं. "ब्रेक कधीपासून सुटतोय?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तीन आठवडे झाले, मॅडम."

"लिहिलं का नाहीस?"

"माझा चौऱ्याण्णव आहे. वर्षानं परत टोपी घालायचीय. मगरेकाकांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं." तो घाम पुसत म्हणाला. "आणि मॅडम, खालच्यांना माहितीय. ते सरकतात."

"आणि एखाद्या दिवशी सरकले नाहीत तर?"

किरणनं वर क्रेनकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून तिला कळलं, की हा प्रश्न तो तीन आठवडे रोज वर बसून स्वतःला विचारत होता.

तिनं खांबावरच्या पेटीतून लाल कुलूप काढलं, क्रेनच्या मुख्य स्विचला घातलं आणि किल्ली मुठीत धरली. ते कुलूप घालायचा अधिकार कायद्यानं तिला एकटीला होता. आठ वर्षांत तिनं तो वापरला नव्हता. शेड गप्प झाली. वीस मिनिटांनी सरनाईक धावत आले.

"किल्ली द्या."

"आधी ब्रेक उघडा."

"भट्टीत रस तयार आहे! थंड झाला तर भट्टी फोडावी लागेल, कळतंय का तुम्हाला?"

"दुसऱ्या क्रेननं काढा. वेळ लागेल, लागू द्या. हिचा ब्रेक उघडल्याशिवाय मी किल्ली देणार नाही. घ्यायची असेल तर माझी मूठ उघडून घ्या. एवढ्या माणसांसमोर."

शेवटी फिटर वर चढला. ब्रेकचा पट्टा एका बाजूनं इतका झिजला होता, की आतले रिबिट चकाकत होते. फिटरनं तो खाली आणून सरनाईकांच्या पायाशी ठेवला. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"झालं का काही? नाही ना झालं?" ते म्हणाले. संध्याकाळी हेमलताच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. कारण लिहिलं होतं, उत्पादनाचं हेतुपुरस्सर नुकसान.

तिनं कारखाने निरीक्षकांकडे तक्रार केली. पण तक्रारीला पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणजे ती सोळा नावं. गुप्त ठेवीन म्हणून शब्द दिलेली नावं उघड करायला तिला त्या माणसांचीच परवानगी हवी होती. ती एकेकाच्या घरी गेली. एकानं दारच लावून घेतलं. एकजण सुरतेला निघून गेला होता, त्यानं फोनवर फक्त "करा काय करायचं ते" म्हटलं. भानुदास शेवटचा.

तो ओसरीत बसून होता. पूर्वीपेक्षा वाळलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नाव झाकायचा शब्द व्हता तवा नाव गेलं," तो सावकाश म्हणाला. "आता उघडं करायला इचारायला आल्या. द्या. झाकन्यासारखं काय ऱ्हायलंय?"

"मगरे, मला माफ..."

"ते नका बोलू," भानुदास म्हणाला. "नाव पायजे व्हतं, दिलं. या आता."

सुनावणी दोन तारखांना झाली. कंपनीचे वकील म्हणाले की यंत्र निःपक्षपाती आहे, बाई भावनेच्या भरात आहेत. दुसऱ्या तारखेला केतकर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी निरीक्षक बाईंसमोर भानुदासच्या आणि हेमलताच्या चाचणीच्या रेघा शेजारीशेजारी ठेवल्या आणि त्र्याण्णवावं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. महिनाअखेर ते त्या कंपनीत नव्हते.

निरीक्षक बाईंनी स्वतः ब्रेकचा तो पट्टा हातात घेऊन पाहिला होता. निकाल हेमलताच्या बाजूनं लागला, पण जेवढा कायद्यात बसत होता तेवढाच. या कारखान्यात भरवसा-अंकावरून कुणाला काढता येणार नाही. ओळखपत्रावरचा आकडा पुसावा. सतराजणांना परत घ्यावं. हेमलताचं निलंबन रद्द. बाकीचे आठ कारखाने या निकालात नव्हतेच. तिथं सहा महिन्यांनी टोपीची सुधारलेली आवृत्ती आली. तक्रारीचं कारण राहू नये म्हणून तिच्यातून करडं बटण काढून टाकलं होतं.

सतरापैकी सातजण परत आले. उरलेल्यांनी दुसरीकडे कसंबसं बस्तान बसवलं होतं, त्यांना परत या फाटकातून यायचं नव्हतं. सरनाईकांची बदली झाली, तीही वरच्या जागेवर. भानुदास आला. गयाबाईच्या लेकीची सोयरीक मात्र मोडली ती मोडलीच.

पहिल्या दिवशी हेमलता फाटकाशी उभी होती. भानुदासनं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढं गेला. वही पुन्हा पूर्वीच्या जागी ठेवली होती. महिना गेला. तिच्यात एक ओळ पडली नाही.

मग एका मंगळवारी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भरलेली लॅडल वळताना कडेला झोकांडली आणि रसाचा एक लोट बाहेर उसळून रिकाम्या फरशीवर पडला. तिथं तेव्हा कुणी नव्हतं. तिनं वॉकीटॉकी उचलली.

"मगरे, काय झालं?"

"काय नाय," वरून आवाज आला.

पाळी संपली. वही कोरी होती. दुसऱ्या दिवशी बदलीच्या वेळेआधी ती क्रेनचा उभा जिना चढून वर गेली. त्या गरमीत वर पोहोचेपर्यंत तिचा ऊर धपापत होता. केबिनचं दार उघडून ती भानुदाससमोरच्या पत्र्यावर बसली. खाली भट्टी धगधगत होती.

"मी काल बघितलं," ती म्हणाली.

"मग बघितलं तर."

"अकरा वर्षांत तुम्ही मला एकदा खोटं सांगितलं नव्हतं."

तेव्हा तो भडकला. इतक्या वर्षांत तिनं त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "खोटं? मला खोटं शिकवता? खरं लिवलं तर एकतीस! माझ्या लेकीला लोक इचारत्यात, बाप येडा हाय का! मी त्या भंगारात हुबा ऱ्हायलो सा म्हयने, ज्यास्नी मी क्रेन शिकवली ती पोरं वरनं बघत व्हती. तुमी कँटीनमधी स्टुलावर चढून बोलल्या आन् आमी गाढवावानी इस्वास ठिवला! आता परत लिवू? कुनासाठी? परत कोन येईल पुन्याहून, परत फोटू काढील! सही केली तवा हात नाय थरथरला तुमचा?"

"थांबला होता," हेमलता म्हणाली. तिचेही डोळे पेटले होते. "थांबला आणि तरी केली. मला तुमच्यापेक्षा जास्त राग आहे माझा, मगरे. घरी गेले की आरशात बघवत नाही मला. ओरडा तुम्ही. अजून ओरडा. पण खाली चारजण आहेत."

भानुदासनं हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ तो खालच्या चौघांकडे बघत बसला.

"डाव्या अंगाची चाकं," तो शेवटी म्हणाला. "वळनावर रूळ सोडत्यात. बेअरिंग गेलंय. चार दिस झाले."

"बरं."

"लिवू नका."

अकरा वर्षं ती प्रत्येकाला लिहा लिहा म्हणत आली होती. तिची नोकरीच तेवढ्यासाठी होती. नोंद न करणं हा तिच्याच नियमांनी गुन्हा होता.

"नाही लिहीत," ती म्हणाली.

"माझं नाव नाय, आन् तुमचंबी नाय. कुठंच नाय."

"कुठंच नाही."

ती खाली उतरली आणि फिटरच्या टेबलापाशी गेली. क्रेन पुढच्या पाळीआधी थांबवायची आणि डाव्या बाजूच्या चाकांचं बेअरिंग बदलायचं, असं तिनं सांगितलं. फिटरनं कामाचा कागद पुढं ओढला.

"तक्रार कुणाची लिहू, मॅडम?"

हेमलतानं तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला, चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "पाना-हातोडी उचला आणि चला माझ्याबरोबर. मीच दाखवते."